थोडंसं, कालपासून, बाकी काही नाही

"जीभ काढ. अजून. अरे, जीभ काढ म्हणतोय, नुसतं टोक काय दाखवतोस?"

खिडकीच्या गजांपलीकडे वेल्डरने आणखी अर्धा इंच जीभ बाहेर काढली. कंपाउंडरने चष्मा कपाळावर चढवून आधी जिभेकडे पाहिलं, मग वेल्डरच्या डोळ्यांकडे. खरं तर दोन्हींवर त्याचा विश्वास नव्हता.

"पोट दुखतंय म्हणतोस?"

"हो ना. मुरडा येतोय."

"रविवारी नव्हतं दुखत?"

"रविवारी... जरा कमी होतं."

"आणि सोमवारी वाढलं. शहाणं पोट आहे हो, वार बरोबर कळतो त्याला!"

रांगेत हशा पिकला. वेल्डरही कसंनुसं हसला आणि तिथेच फसला. पोटात खरोखर मुरडा येणारा माणूस हसेल का? कंपाउंडरने मनातल्या मनात त्याच्या नावावर फुली मारली, चिठ्ठी लिहिली आणि त्याला दंडाला धरून आत डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी वेल्डरच्या पोटावर हात ठेवून विचारलं, "देस्दे क्वांदो?" म्हणजे कधीपासून.

वेल्डर कंपाउंडरकडे बघायला लागला. कंपाउंडर त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "आयेर." काल. मग अंगठा आणि तर्जनी जवळ आणून, "पोको." थोडंसं. आणि शेवटी हात झटकून, "नादा मास." बाकी काही नाही.

"काय म्हणाल्या त्या?" वेल्डरने विचारलं.

"गोळ्या घे म्हणाल्या. चल, पुढचा!"

काचेच्या बाटल्यांच्या त्या कारखान्यात हा कंपाउंडर सव्वीस वर्षं दवाखाना सांभाळत होता. माघारी त्याला सगळे 'चाळणी' म्हणायचे. त्यालाही ते ठाऊक होतं आणि आतून थोडं आवडतही होतं. भट्टीवर राबणारे एकीकडे आणि सोंगं करून दांड्या मारणारे दुसरीकडे, ही निवड आपण करतो म्हणून हा कारखाना चालतो, अशी त्याची पक्की समजूत होती. माणूस वाईट नव्हता. सव्वीस वर्षांत दवाखान्यातली साधी पट्टीसुद्धा त्याने कधी घरी नेली नाही. फक्त समोरचा बोलायला लागला की यात पाणी कुठे मुरतंय हे शोधल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. दूधवाला, शेजारी, बायकोच्या मैत्रिणी, कुणी यातून सुटत नसे. बायकोने एकदा डोकं दुखतंय म्हटलं तर हा म्हणाला होता, "आज माझी बहीण येणार म्हणून का?" त्यानंतर बाई घरात कधी डोकं धरून बसलेली दिसली नाही. त्याला वाटलं, बघा, बरोबर ओळखलं होतं.

जुने डॉक्टर होते तोवर सगळं सुरळीत होतं. ते कंपाउंडरच्या चिठ्ठीवर डोळे मिटून सही करायचे. मग कारखाना परदेशी मालकांना विकला गेला. नव्या मालकांनी यंत्रं बदलली नाहीत, भिंतींना रंग दिला नाही, डॉक्टर तेवढा बदलला. आल्या या डॉक्टरीणबाई. पन्नाशीच्या, आडव्या अंगाच्या, आखूड केसांच्या आणि गडगडून हसणाऱ्या. भाषा एकच, स्पॅनिश. बाईंबरोबर मुख्य कचेरीतून एक पुस्तिकाही आली, 'डॉक्टरशी बोलण्यासाठी उपयुक्त स्पॅनिश'. एका पानावर आपली वाक्यं, समोरच्या पानावर त्यांची आणि खाली दोघांच्या लिपीत उच्चार. प्रत एकच होती. ती कंपाउंडरने आपल्या टेबलाच्या खणात ठेवली, आणि का ठेवू नये? सव्वीस वर्षांचा हक्क होता त्याचा.

एक मात्र मान्य करायला हवं. गड्याने ती पुस्तिका तीन आठवड्यांत पाठ केली. आंघोळ करताना न्हाणीघरातून आवाज यायचा, "रेस्पिरे ओंदो! साके ला लेंग्वा!" दीर्घ श्वास घ्या, जीभ काढा. बायको बाहेरून म्हणायची, "अहो, पाणी संपलं का तुमचं? नळ जाईल." दिवस, आठवडे, महिने, सगळे शब्द त्याला येत होते. पण वापरायचे कशाला? माणूस म्हणतो तीन आठवडे दुखतंय. कुणी पाहिलंय? तीन आठवडे सांगितलं की बाई तपासण्या लिहिणार, रजा देणार, आणि उद्या दहा जण तीन आठवडे घेऊन उभे राहणार. त्यापेक्षा 'काल' बरं. काल सगळ्यांनाच असतो. म्हणून 'पोको, आयेर, नादा मास' एवढ्या तीन तुकड्यांवर त्याने अख्खा दवाखाना चालवायला घेतला.

बाईंवरही त्याचा डोळा होताच. ही बाई रोग्याच्या पोटावरचा हात लवकर उचलत का नाही? 'नादा मास' म्हटल्यावरही माणसाच्या तोंडाकडे का बघत राहते? काहीतरी शिजतंय, हे त्याला कळत होतं. काय, ते कळत नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी घरी ताट वाढता वाढता बायको म्हणाली, "धाकटा येईल उद्या तुमच्याकडे."

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. वय सेहेचाळीस, पण घरात नाव धाकटाच. याच कारखान्यात पॅकिंगमध्ये होता.

"का? काय झालं राजेश्रींना?"

"घास उतरत नाही म्हणतो. काल आला होता तर पाव चहात भिजवून भिजवून खात होता. अर्धा तसाच टाकला. कधी टाकलंय का त्याने ताटात?"

"पॅकिंगमधून काही जणांना भट्टीवर पाठवणारेत, यादी लागायचीय. ते नाही सांगितलं का त्याने?"

"म्हणजे?"

"म्हणजे हेच. यादी लागायच्या आत घसा धरला की भट्टी टळली."

बायकोने वाढायची पळी खाली ठेवली. "आई गेली तेव्हा चार वर्षांचा होता तो. मी भरवलंय त्याला. त्याचं खाण्यातलं नाटक कोणतं आणि खरं कोणतं, मला कळतं. डॉक्टरीणबाईंना नीट सांगा, एवढंच म्हणतेय."

"सांगतो की. मी काय वैरी आहे त्याचा?"

वैरी नव्हता. पण या मेव्हण्याशी त्याचा जुना हिशेब होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी कंपाउंडरनेच शब्द टाकून धाकट्याला कारखान्यात चिकटवलं होतं. विशीतलं पोर एक दिवस कंबर धरून रडत दवाखान्यात आलं. कंपाउंडरचं मन द्रवलं, त्याने जुन्या डॉक्टरांना गळ घालून पंधरा दिवस रजा मिळवून दिली. चौथ्या दिवशी जुने डॉक्टर मैदानावरून जात होते, तर हा गोलपाशी उभा आणि हवेत आडवा होऊन चेंडू अडवतोय! दुसऱ्या दिवशी भर दवाखान्यात, चाळीस माणसांसमोर, डॉक्टर कंपाउंडरला म्हणाले, "घरच्या माणसांसाठी कारखाना उघडलाय का?" तो घाव त्याच्या मनातून कधी गेलाच नाही. चाळणी झाली ती त्या दिवशी. धाकटा हे कधीच विसरला होता, अजूनही भेटला की पाठीवर थाप मारून म्हणायचा, "दाजी, काय अडवला होता हो मी तो गोल!"

दुसऱ्या दिवशी धाकटा रांगेत आला. हसतच आला, हाही गुन्हाच.

"दाजी, घास अडकतो हो इथे." त्याने छातीच्या मध्यावर बोट ठेवलं. "आधी सुकं अडकायचं, आता मऊ पण अडकायला लागलंय. झाले असतील तीन-चार आठवडे."

"आठवडे? मोजत बसला होतास?"

"ताईने मोजले."

"यादी कधी लागणारेय पॅकिंगची?"

धाकट्याला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. "अहो दाजी, देवाशप्पथ तसलं काही नाही. नका सांगू यादीचं, पण घशाचं तर सांगा."

आत बाईंनी विचारलं, "दोंदे ले दुएले?" कुठे दुखतंय. कंपाउंडर म्हणाला, "गार्गांता." घसा. मग बोटांची चिमट, "पोको." मग "आयेर." मग हात झटकून "नादा मास." बाईंनी धाकट्याचा घसा पाहिला. घसा स्वच्छ होता. त्यांनी मिठाच्या गुळण्या लिहून दिल्या.

"आठवड्यांचं सांगितलंत ना दाजी?" बाहेर आल्यावर धाकट्याने विचारलं.

"सगळं सांगितलं. गुळण्या कर."

घरी बायकोनेही तेच विचारलं आणि घरीही त्याने तेच सांगितलं. त्याला खोटं बोलतोय असं वाटलंसुद्धा नाही. घसाच तर आहे, आणि घसा म्हटलं की सगळं आलंच की त्यात.

पुढच्या महिन्यात धाकटा पुन्हा आला. गालफडं जरा बसली होती. कंपाउंडरने ते पाहिलं. पाहिलं नाही असं कसं म्हणायचं? पण भट्टीच्या यादीत धाकट्याचं नाव लागलं होतं, आणि रात्र रात्र उपाशी राहून तोंड उतरवता येतं, हे त्याला अनुभवाने माहीत होतं. एका हमालाने तसं केलं होतं. पुन्हा गार्गांता, पुन्हा पोको, पुन्हा आयेर. या खेपेला गोळ्या मिळाल्या.

पण तेव्हा कंपाउंडरचं डोकं दुसऱ्याच गोष्टीने पोखरलं होतं. खणातली पुस्तिका कुणीतरी हाताळत होतं.

तो ती नेहमी पालथी ठेवायचा, पाठ वर. एक दिवस जेवून आला तर ती उताणी होती. दुसऱ्या दिवशी पालथी, पण कोपरा डावीकडे. झालं, संशयाचा किडा वळवळायला लागला. त्याने आठव्या आणि नवव्या पानांमध्ये पट्टीचा एक बारीक धागा ठेवला आणि जेवायला गेला. आला तेव्हा धागा गायब! पानं उलटली तर काही वाक्यांपुढे पेन्सिलीच्या पुसट खुणा. 'कधीपासून?' पुढे एक. 'आणखी काय होतं?' पुढे एक. आणि 'खरं सांगा, घाबरू नका' पुढे चक्क दोन.

त्याने सफाईवाल्या मावशींना गाठलं. "मावशी, माझा खण तुम्ही उघडता का?"

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मी? तुमच्या त्या खणात आहे काय, मेली झुरळं!"

"पुस्तक आहे."

"मला माझं नाव वाचता येत नाही, आणि मी तुमचं परक्या भाषेचं पुस्तक वाचू? बरं आहे ना तुम्हाला? दाखवा बघू जीभ!"

मावशी गेल्या, मग उरला हजेरी कारकून. त्याचा एक भाचा घरी बसून होता, हुशार, कुठलीही भाषा पटकन उचलणारा. धागा जुळला! भाच्याला दुभाष्या म्हणून घुसवायचं, आपल्याला गोळ्या मोजायला बसवायचं, आणि बाईंना दोन्ही हातांनी गुंडाळायचं. कंपाउंडर डोळ्यांत तेल घालून हजेरी कारकुनावर पाळत ठेवायला लागला. तो दवाखान्याजवळून गेला तरी हा खुर्चीतून उठायचा. कारकून बिचारा एकदा म्हणाला, "काय हो, माझ्या पाठीवर काही लिहिलंय का?" कंपाउंडरने ताकास तूर लागू दिली नाही. त्या दिवसापासून मात्र तो पुस्तिका पिशवीत घालून घरी न्यायला लागला.

तिसऱ्या खेपेला धाकटा आला तो हसत आला नाही.

खिडकीशी येऊन गज धरून उभा राहिला. "दाजी, पाणी उतरत नाही." एवढंच म्हणाला. मागचे दोघे आपण होऊन बाजूला झाले.

कंपाउंडरला आत कुठेतरी खटकलं. पण सव्वीस वर्षांची सवय माणसाच्या जिभेवर बसलेली असते. आत गेल्यावर बाईंनी धाकट्याकडे पाहिलं आणि कंपाउंडरचं तोंड आपोआप उघडलं. "गार्गांता. पोको. आये..."

बाईंनी त्याच्याकडे न बघता तळहात वर केला. थांबा. मग खिशातून एक छोटी वही काढली. तिच्यात त्यांच्या जाड अक्षरांत ओळीच्या ओळी लिहिलेल्या होत्या. एका ओळीवर बोट ठेवून, एकेक शब्द दगडासारखा उचलत, त्या धाकट्याला म्हणाल्या, "किती... दिवस?"

धाकट्याने आधी दाजींकडे पाहिलं. परवानगी मागितल्यासारखं पाहिलं, आणि ते पाहणं कंपाउंडरला पुढे कधी विसरता आलं नाही.

"तीन महिने," धाकटा म्हणाला आणि तीन बोटं वर केली.

"त्रेस मेसेस," बाई पुटपुटल्या. वहीचं पान उलटलं. "आणखी... काय?"

मग धाकटा बोलायला लागला. बाईंना त्यातलं किती कळत होतं देव जाणे, पण त्या मान पुढे करून ऐकत होत्या, आणि तो हातांनी दाखवत होता. घास इथे अडकतो. मग पाठीत कळ येते. मग सगळं बाहेर येतं. बोलता बोलता त्याने सदरा वर केला आणि पट्टा दाखवला. पट्ट्याला कारखान्यातून घातलेली पाच भोकं होती आणि त्यापुढे खिळ्याने पाडलेली तीन, कडा फाटलेली. एकेका महिन्याला एकेक भोक. पोट पाठीला टेकलं होतं. कंपाउंडर कोपऱ्यात उभा होता. हे पोट उपाशी राहून कुणी आणत नाही, हे त्याला एका नजरेत कळलं. सव्वीस वर्षांत त्याने कितीतरी पोटं पाहिली होती.

बाईंनी ताबडतोब मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहिली आणि गाडी मागवली. धाकट्याला बाकावर निजवून दार लोटलं. मग टेबलावरचं रुग्णांचं रजिस्टर उघडून कंपाउंडरपुढे फिरवलं. 'कधीपासून' या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि वरून खाली नेलं. आयेर. आयेर. आयेर. पान उलटलं. आयेर. आणखी एक पान. वेल्डर, हमाल, भट्टीवाले, पॅकिंगच्या बायका, एक गरोदर बाई, एक भाजलेला हात. अख्ख्या कारखान्याचं दुखणं एकाच दिवशी सुरू झालं होतं.

तो ओरडा खायला तयार होता. बाई ओरडल्या नाहीत. वहीत दोन शब्द शोधून त्यांनी एवढंच विचारलं, "सगळे... काल?"

त्याला पाठ असलेल्या शेकडो वाक्यांतलं एकही उत्तराला आलं नाही. पुस्तिका कोण वाचत होतं ते कळायला त्याला दोन क्षण लागले, आणि कळलं तेव्हा हजेरी कारकुनाच्या भाच्याबद्दल त्याला इतकी लाज वाटली की त्याने खाली मान घातली.

मोठ्या इस्पितळातले डॉक्टर आपलीच भाषा बोलणारे होते. त्यामुळे त्यांचं म्हणणं थेट कानात शिरलं. अन्ननलिकेत गाठ होती, चांगली वाढलेली. ऑपरेशन केलं, पण सगळं काढता आलं नाही. बाहेरच्या बाकावर बायको आणि कंपाउंडर बसले होते, तिथे येऊन ते म्हणाले, "दोन महिने आधी आणला असता तर गोष्ट वेगळी होती. इतके दिवस काय करत होता हा?"

डॉक्टर गेले. बायको समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "दोन महिन्यांपूर्वीच मी तुम्हाला सांगितलं होतं."

"मी सांगितलं होतं बाईंना."

"काय सांगितलंत?"

एरवी लोकांचं खोटं तो चुटकीसरशी पकडायचा. स्वतःचं त्याला धड रचता येईना.

संध्याकाळी आत सोडलं तेव्हा धाकटा उशीला टेकून बसला होता. नाकात नळी, आवाज फाटलेला. बहिणीने काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "ताई, चूक माझी. मी दाजींना धड सांगितलंच नाही. घसा खवखवतोय म्हणालो. ते बिचारे काय करणार?"

बहिणीने भावाकडे पाहिलं. चार वर्षांचा असल्यापासून त्याच्या सगळ्या थापा तिने ओळखल्या होत्या. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. उठून ग्लासातलं पाणी चमच्याने भावाच्या ओठांना लावायला लागली. कंपाउंडरला वाटलं, हिने आता आपल्याला बोलावं. ओरडावं, वाटेल ते बोलावं. ती बोलली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

धाकटा त्यानंतर अकरा आठवडे जगला. शेवटच्या दिवसांत बोलता येईना तेव्हा पाटीवर लिहून दाखवायचा. कंपाउंडर रोज संध्याकाळी जाऊन बसायचा, त्याचे पाय चेपायचा, उशी बदलायचा. एकदा दोघंच असताना त्याने धीर करून म्हटलं, "धाकट्या, मी त्या दिवशी..." धाकट्याने हात वर करून त्याला गप्प केलं आणि पाटी ओढून घेतली. त्यावर बराच वेळ लावून लिहिलं, 'कंबर खरंच दुखत होती. पहिले तीन दिवस.' आणि दाजींकडे बघून हसायला लागला. कंपाउंडरही हसला. मग त्याला रडू आवरेना आणि तो तोंडावर रुमाल धरून व्हरांड्यात गेला.

दवाखान्यातून त्याला कुणी काढलं नाही. बाईंनी तक्रारही केली नाही. फक्त आता रोगी एकेकटे आत जायचे. बाईंनी पुस्तिकेतली वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवून घेतली. लोक बोट ठेवून दाखवायचे, अडलं तर हातवारे करायचे, आतून कधी बाईंचा गडगडाट ऐकू यायचा. कंपाउंडर बाहेर दाराशी स्टूल टाकून बसायचा, नावं लिहायचा, आतून चिठ्ठी आली की औषध द्यायचा. "कधीपासून?" हा प्रश्न तो कुणाला विचारत नसे. वेल्डर एकदा आपण होऊन सांगायला लागला तर म्हणाला, "मला नको. आत सांग."

गुरुवारी कामगारांच्या घरच्यांना तपासत असत. अशाच एका गुरुवारी तो नावं लिहीत होता. पुढे एक कातडी चप्पल येऊन थांबली. त्याने मान वर न करताच विचारलं, "नाव?"

मग त्याने वर पाहिलं. बायको उभी होती. घरून येताना डोक्याला तेल लावून, नीट साडी नेसून आली होती. पुढची पॅकिंगची बाई नुकतीच आत गेली होती, मागे भट्टीवाल्याची म्हातारी, आणि रांगेत सगळ्यांसारखी ही.

"तू? अगं, घरी सांगायचं ना. काय होतंय?"

"आत सांगते."

"कधीपा..." तो थांबला. "म्हणजे, बरं नाही का?"

"आत सांगते म्हटलं ना."

"अगं, पण तिला कळायला हवं. मी येतो बरोबर. नीट सांगतो, सगळं सांगतो, शब्दन् शब्द."

"कळतं तिला," बायको म्हणाली. रागाने नाही, घरात भाजी आणा म्हणते त्याच आवाजात. मग पॅकिंगची बाई बाहेर आली, बायकोने पदर सावरला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

रांगेतले सगळे इकडेतिकडे बघत होते, त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. कंपाउंडर चिठ्ठीवर बायकोचं नाव लिहायला लागला. सव्वीस वर्षांत हे नाव त्याने या चिठ्ठीवर कधी लिहिलं नव्हतं. आतून तिचा आवाज यायला लागला. आधी अडखळत, मग सलग. मध्येच बाई काहीतरी विचारत, मग पुन्हा ती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. स्वतःच्या दुखण्याबद्दल ती इतकं बोलू शकते हे त्याला ठाऊकच नव्हतं. काय सांगतेय? किती दिवसांचं आहे? कुठे आहे? दार जुनं होतं, फटीचं होतं. स्टूल नुसतं चार बोटं सरकवलं असतं तर शब्दन् शब्द ऐकू आला असता, आणि अशा फटींना त्याने आजवर कितीदा कान लावला होता याची गणती नव्हती.

"चालू द्या," भट्टीवाल्याची म्हातारी हळूच म्हणाली. "आम्हाला काही घाई नाही."

कंपाउंडर उठला. त्याने स्टूल उचललं, रांगेच्या पलीकडे नेलं आणि लांब खिडकीपाशी ठेवून त्यावर बसला. तिथून आतलं काही ऐकू येत नव्हतं.